एका जाळावर दोन कामे

२०१३ च्या फेब्रुवारीत परळीचे औष्णिक वीजकेंद्र बंद ठेवावे लागले. यंत्रात बिघाड नव्हता, पाणी नव्हते. मराठवाड्यात त्या वर्षी दुष्काळ होता, जालन्यासारख्या जिल्ह्यात तर माणसांनाच टँकरवर दिवस काढावे लागत होते. २०१५ च्या जुलैत परळीवर पुन्हा तीच पाळी आली. वीज कोळशापासून होते असे आपण शाळेपासून ऐकतो. मग पाणी आटले म्हणून ती का अडावी?

बॉयलरमध्ये फिरणारे पाणी बहुतांशी तेच ते असते. त्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, पुन्हा तिचे पाणी होते आणि ते बॉयलरमध्ये परत जाते. पाण्याचा मोठा खप होतो तो या मधल्या टप्प्यात, वाफेचे पाणी करताना. एक किलो पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ७० किलोकॅलरी पुरतात, पण उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ थंड करायची म्हणजे ही भलीमोठी उष्णता कुठेतरी टाकावी लागते. वीजकेंद्राबाहेर जे अगडबंब मनोरे दिसतात आणि ज्यांना लोक धुराडी समजतात, ते उष्णता टाकण्याचे ठिकाण. तिथे पाणी बाष्प होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. जाळलेल्या कोळशातल्या उष्णतेच्या शंभर भागांपैकी वीज होते सुमारे पस्तीस भागांची. थोडे धुराबरोबर जातात आणि बाकीचे जवळजवळ सगळे या मनोऱ्यांतून आकाशात. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांना पाणीवापराची मर्यादा घातली, ती एका युनिटमागे साडेतीन लिटर. दुष्काळी मुलखात आपण पाणी खर्चून उष्णता फेकतो, असा याचा सरळ अर्थ.

आता परळीहून गोदावरी ओलांडून उत्तरेला जालना जिल्ह्यात या. अंबड, घनसावंगी, परतूर हा जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा पट्टा, म्हणून इथे ऊस. अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरचा समर्थ सहकारी साखर कारखाना याच पट्ट्यातला. (मराठवाड्यात ऊस लावावा का, हा वाद खरा आहे आणि तो इथे मिटणार नाही. पण लावलेला ऊस कारखान्यात आल्यावर त्याचे काय होते, हे पाहण्यासारखे आहे.) दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी पडते आणि पुढचे काही महिने तो कारखाना बाहेरून कोळसा न घेता चालतो. एक टन ऊस पिळला की रस निघून २८० ते ३०० किलो भुसा उरतो, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात. त्यात निम्मे पाणी असते, तरी तो जळतो, आणि एक किलो भुशावर सव्वादोन किलोच्या आसपास वाफ तयार होते.

ही वाफही टर्बाइन फिरवते आणि वीज देते. परळीत आणि इथे फरक पडतो तो त्यानंतर. साखर कारखान्याला रस उकळायचा असतो, तो आटवून पाक करायचा असतो, पाकाचे दाणे पाडायचे असतात. या कामाला शंभर-सव्वाशे अंशांची वाफ पुरते. म्हणून वाफ टर्बाइनमधून पूर्ण निवेपर्यंत पिळून काढत नाहीत. सव्वाशे अंशांच्या आसपास असतानाच ती बाहेर घेतात आणि थेट रसाच्या उकळणीला जोडतात. ढोबळ हिशोब मांडला तर उच्च दाबाच्या एक किलो वाफेत ८०० किलोकॅलरी असतात. टर्बाइन त्यातल्या दीडशे घेऊन वीज करते आणि उरलेल्या साडेसहाशे रसाकडे जातात. परळीत जी उष्णता फेकण्यासाठी पाणी खर्ची पडते, ती इथे साखर करते. एकाच जाळावर वीज आणि उष्णता अशी दोन्ही कामे काढण्याच्या या पद्धतीला सहवीजनिर्मिती म्हणतात. भारतातला जवळजवळ प्रत्येक साखर कारखाना आपल्यापुरती ती करतच आला आहे, सरकारी धोरणात हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून.

रस आटवण्याची पद्धत तर याहून जुनी आणि याहून हुशार. न्यू ऑर्लिन्समध्ये १८०६ साली जन्मलेला नॉर्बर्ट रिलियू हा कृष्णवर्णीय वंशाचा अभियंता. त्याने १८४० च्या दशकात असे यंत्र बनवले की पहिल्या भांड्यातल्या रसातून निघालेली वाफ दुसऱ्या भांड्यातला रस उकळते, दुसऱ्यातली तिसऱ्याला आणि तिसऱ्यातली चौथ्याला. पुढच्या प्रत्येक भांड्यात हवेचा दाब आधीच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, त्यामुळे रस कमी तापमानालाच उकळतो आणि आधीच्या भांड्याची निवत चाललेली वाफही त्याला पुरते. चार भांडी असतील तर एका किलो वाफेत सुमारे चार किलो पाणी उडते. अमेरिकेत गुलामगिरी असताना, साखरेच्या मळ्यांवर राबणाऱ्यांचे हात उकळत्या काहिलींनी भाजत असताना, हे यंत्र आले. आजही अंकुशनगरपासून कोल्हापूरपर्यंत कुठल्याही कारखान्याच्या बॉयलिंग हाऊसमध्ये उभ्या ठाकलेल्या त्या लोखंडी पिंपांच्या रांगेमागे रिलियूचीच कल्पना आहे. वाया जाणारी उष्णता पुन्हा कामाला लावण्याचे याहून सुंदर उदाहरण माझ्या माहितीत नाही.

एवढे असून जुने साखर कारखाने ऊर्जेच्या बाबतीत उधळे होते, आणि ते मुद्दाम. भुशाला गिऱ्हाईक नव्हते. तो साठवला तर जागा अडते, आग लागायची भीती. म्हणून बॉयलर असे निवडत की हंगाम संपताना भुसा उरूच नये. चौरस सेंटिमीटरला २१ किलो दाबाचे बॉयलर, लहान टर्बाइन, एका युनिटला बारा-बारा किलो वाफ. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने ऑगस्ट २००२ मध्ये भुशापासूनच्या विजेचा खरेदी दर ठरवला आणि हे गणित फिरले. २००८ च्या राज्य धोरणाने १००० मेगावॉट सहवीजनिर्मितीचे लक्ष्य ठेवले. कारखान्यांनी ६७, ८७ आणि पुढे ११० किलो दाबाचे बॉयलर बसवले. दाब आणि तापमान चढले की त्याच एक किलो वाफेतून जास्त वीज निघते. ६७ किलो दाबाला एका युनिटला सहा किलोच्या आसपास वाफ लागते, म्हणजे जुन्याच्या निम्मी. दुसरीकडे रस आटवायला उसाच्या वजनाच्या पन्नास टक्के वाफ लागायची, ती चाळीसपर्यंत उतरवता आली. शास्त्र रिलियूच्या काळापासून माहीत होते. उरलेल्या विजेला गिऱ्हाईक मिळाल्यावर ते कामाला आले. पुढे सौर वीज तीन रुपयांच्या आत मिळू लागली तसा भुशाच्या विजेच्या दराचा वाद सुरू झाला, तो अजून धुमसतो आहे.

जालन्यासाठी यात एक बारकावा आहे. उरलेली वीज वर्षभर विकायची तर हंगामानंतर, रस नसताना, टर्बाइन परळीसारखे चालवावे लागते. म्हणजे पुन्हा वाफ थंड करा, पुन्हा पाणी उडवा. उलट हंगामात ऊस स्वतःच पाणी घेऊन येतो. त्याच्या वजनात सत्तर टक्के पाणी असते आणि आटवताना निघालेली वाफ थंडावली की ते पाणी कारखान्याला वापरता येते. कालव्याची पाळी कधी मिळेल याची खात्री नसलेल्या पट्ट्यात रसाच्या उकळणीशी जोडलेली वीज शहाणपणाची. तिच्यापलीकडची वीज पाण्याचा हिशोब मांडूनच करावी.

साखरेचे हे झाले. पण जालना शहराचे नाव देशभर पोहोचले ते पोलादामुळे, आणि तिथली आग वेगळ्या जातीची आहे.

जालन्याजवळ लोहखनिज नाही, कोळसा नाही. निजामाच्या काळात टाकलेला मनमाड–सिकंदराबाद रेल्वेमार्ग, त्याच्या आधाराने वाढलेली व्यापारपेठ आणि मारवाडी-गुजराती व्यापाऱ्यांची जोखीम घेण्याची तयारी एवढ्या भांडवलावर औद्योगिक वसाहतीत रोलिंग मिल उभ्या राहिल्या. आज बांधकामाच्या सळईसाठी महाराष्ट्रभर जालना ओळखले जाते. भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजातून न वितळवता काढलेले लोखंड) विजेच्या इंडक्शन भट्टीत १६०० अंशांच्या वर वितळवायचे, त्याचे चौकोनी लांब बिलेट ओतायचे, ते बिलेट ११००–१२०० अंशांना मिलमध्ये दाबत दाबत सळई ओढायची. एक टन लोखंड वितळवायला निसर्गनियमाने चारशे युनिटच्या थोडी आत वीज लागायला हवी. प्रत्यक्षात लागते साडेपाचशे ते साडेसहाशे. मधली दीडशे ते अडीचशे युनिटे भट्टीच्या गुंडाळ्या गार ठेवणाऱ्या पाण्यात, उघड्या तोंडातून फाकणाऱ्या धगीत आणि भट्टीच्या भिंतींत जातात.

इथे कोणीही म्हणेल, एवढी उष्णता वाया जाते तर तिच्यापासून वीज का करत नाही? विक्रेतेही असे प्रस्ताव घेऊन येतात. मात्र उष्णता किती आहे हा निम्माच प्रश्न आहे. हंडाभर कोमट पाण्यात चहा होत नाही, पेलाभर उकळत्या पाण्यात होतो, जरी हंड्यात एकूण उष्णता जास्त असली तरी. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये याचा नियम सांगितला. उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम निघेल हे तिच्या आणि सभोवतालच्या तापमानातल्या अंतरावर ठरते. ५०० अंशांच्या धुरातून, बाहेर ३५ अंश असताना, कागदावर साठ टक्के काम निघू शकते. शंभर अंशांच्या पाण्यातून सतरा टक्के. भट्टी गार करून आलेल्या ५० अंशांच्या पाण्यातून पाच टक्केही नाही, आणि प्रत्यक्ष यंत्रात त्याचेही निम्मे होते. शिवाय बाहेर जालन्याचा मे महिना. त्या पाण्यावर टर्बाइन चालवायचा बेत कोणी सांगत आला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीज करायचे खरे ठिकाण चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसला दिसते. लॉइड्स मेटल्सच्या स्पंज आयर्नच्या फिरत्या भट्ट्यांतून ९०० अंशांच्या पुढचा धूर दिवसरात्र, एकसारखा निघतो. तो बॉयलरमध्ये फिरवून तिथे ३० मेगावॉटचे वीजकेंद्र चालते, वेगळा कोळसा न जाळता. धूर कडक, भरपूर आणि न थांबणारा, या तिन्ही गोष्टी तिथे जुळल्या आहेत. जालन्याच्या इंडक्शन भट्टीत हीट, म्हणजे वितळलेल्या पोलादाची एक खेप, चढते, ओतली जाते, भट्टी पुन्हा भरतात, मध्ये खंड पडतो. घुग्घुसची नक्कल इथे चालणार नाही.

मग जालन्यात सर्वांत कडक उष्णता कुठे आहे? बिलेटमध्ये. साच्यातून बाहेर येताना बिलेट हजार अंशांच्या आसपास लालबुंद असते. पूर्वीची रीत अशी की ते आवारात रचून थंड करायचे, मोजायचे, तुकडे करायचे आणि मग कोळशाच्या किंवा फर्नेस ऑइलच्या भट्टीत पुन्हा तापवून मिलला द्यायचे. भट्टीवाला वेगळा आणि मिलवाला वेगळा असला तर बिलेट ट्रकमधून जाणार, त्यामुळे थंड होणारच. हिशोब मांडून पाहा. हजार अंशांच्या एक टन पोलादात सुमारे १९० युनिटांएवढी उष्णता असते, म्हणजे जवळपास १,६०,००० किलोकॅलरी. बिलेट गार झाल्यावर हीच उष्णता परत भरायची तर ५००० किलोकॅलरीचा कोळसा आणि चाळीस टक्के कार्यक्षमतेची तापभट्टी धरून ८० किलो कोळसा लागतो. दर टनाला ८० किलो, आणि तो कशासाठी, तर आपणच जे थंड होऊ दिले ते परत तापवायला.

यावरचा उपाय यंत्रापेक्षा मांडणीचा आहे. बिलेट लाल असतानाच रोलर टेबलवरून सरळ मिलमध्ये न्यायचे. कोपरे थोडे निवले असतील तर वाटेत विजेच्या लहान तापकाने पन्नास-शंभर अंश चढवायचे. तापभट्टी मग बंदच राहते किंवा मिल अडली तेव्हापुरती लागते. देशातल्या ज्या कारखान्यांत भट्टी आणि मिल एकाच छपराखाली आहेत तिथे ही रीत आता रुळली आहे, जालन्यातही. फायदा नुसत्या कोळशाचा नाही. पुन्हा तापवताना पोलादाच्या पृष्ठभागावर खपली धरते, तिला मिलवाले स्केल म्हणतात, आणि तिच्यात टनामागे वीस-तीस किलो चांगले पोलाद जाते. विकायचा मालच असा झडून जातो. अनेक मालकांना कोळशाच्या बिलापेक्षा हा आकडा अधिक लागतो, आणि त्यात त्यांचे चुकत नाही.

अडचणीही खऱ्या आहेत. भट्टीची गती आणि मिलची गती जुळावी लागते. मिलमध्ये रोल बदलायचा म्हणजे तासभर खोळंबा, तोवर बिलेट गार. आठ मिलिमीटरची सळई ओढताना मिलमधून तासाला कमी टन माल निघतो, पंचवीसची ओढताना जास्त, पण भट्टीला हे कळत नाही. ज्याच्याकडे मिलच आहे, भट्टी नाही, त्याला हा मार्ग नाहीच. जालन्यातल्या लहान मिलवाल्यांची हीच कोंडी आहे. त्यांना तापभट्टी ठेवावीच लागते, म्हणून त्यांनी आपल्या धुराड्याकडे पाहावे.

तापभट्टीतून धूर सहाशे अंशांना बाहेर पडतो आणि ज्वलनासाठी आत घेतलेली हवा तीस अंशांची असते. धुराच्या वाटेत नळ्यांचा जुडगा बसवून त्यातून हवा फिरवली की ती तीनशे अंशांपर्यंत तापून आत जाते. वीस-बावीस अंशांना एक टक्का इंधन वाचते हा अभियंत्यांचा ढोबळ नियम धरला तर तेरा टक्क्यांच्या आसपास बचत. यात नवल काही नाही. स्कॉटलंडच्या जेम्स नीलसनने १८२८ मध्ये झोतभट्टीत गरम हवा फुंकण्याचे पेटंट घेतले. त्यापूर्वी लोखंडवाल्यांची ठाम समजूत होती की हवा जितकी गार तितकी भट्टी चांगली, कारण हिवाळ्यात लोखंड चांगले उतरते. प्रत्यक्षात हिवाळ्याची हवा कोरडी असते म्हणून ते व्हायचे. नीलसनने समजूत मोडली आणि कोळशाचा खर्च कितीतरी उतरला. आजच्या मिलमध्ये या नळ्या अनेकदा बसवलेल्या असतात, पण काजळी आणि राख साचून निम्म्या चोंदलेल्या असतात. कोणी साफ करत नाही. त्याच वेळी तापभट्टीचे दार माल सरकवायला उघडले ते उघडेच राहते आणि गार हवा आत घुसत राहते. या दोन गोष्टींना भांडवल लागत नाही, फोरमनची नजर लागते.

तसेच इंडक्शन भट्टीच्या झाकणाचे. १६०० अंशांच्या पोलादाचा उघडा पृष्ठभाग दर चौरस मीटरमधून काहीशे किलोवॉट धग बाहेर टाकतो. भंगार टाकायला, धातुमळी काढायला आणि नमुना घ्यायला तोंड उघडावे लागते हे खरे, पण बाकीच्या वेळी झाकण सरकवले तर तेवढी वीज वाचते आणि वर उभ्या कामगाराच्या तोंडावरची होरपळही कमी होते. मालकाला पहिले कारण पटेल, कामगाराला दुसरे. मला दुसरे जास्त महत्त्वाचे वाटते.

गंमत म्हणजे जालन्याची सळई घडते तीच वाया जाऊ शकणाऱ्या उष्णतेवर. टीएमटी हा शब्द सिमेंटच्या दुकानापर्यंत पोहोचला आहे, त्यामागची क्रिया फारशी कोणाला ठाऊक नसते. मिलच्या शेवटच्या रोलमधून हजार अंशांच्या आसपास निघालेल्या सळईवर पाण्याचा जबर मारा होतो आणि तिचा पृष्ठभाग क्षणात कडक, ठिसूळ होतो. गाभा मात्र अजून लाल असतो. पाण्यातून बाहेर पडल्यावर गाभ्याची उष्णता बाहेर झिरपते, सहाशे अंशांच्या आसपास पृष्ठभागाला पुन्हा तापवते आणि त्याचा ठिसूळपणा घालवते. बाहेर कणखर, आत लवचीक अशी ती सळई भूकंपात वाकते, तुटत नाही. एरवी यासाठी वेगळी भट्टी लावावी लागली असती. ते काम सळई स्वतःच्या पोटातल्या उष्णतेवर करते. हजार अंश कसे वापरावेत हे ज्या गावाला रोज हजारो सळयांतून कळते, त्या गावाने बिलेट आवारात गार होऊ द्यावे, हे मला पटत नाही.

उरते ते ५० अंशांचे पाणी. यातून वीज नाही हे वर आलेच, पण त्याला गिऱ्हाईकही नाही असे नाही. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनलगतच्या फ्रेडरिक्सबर्ग इथे १९०३ मध्ये कचरा जाळून निघालेली उष्णता नळांनी इस्पितळाला पुरवायला सुरुवात झाली, आणि आज तिथली शहरे वीजकेंद्रांच्या उरलेल्या उष्णतेवर घरे ऊबदार ठेवतात. तिथे थंडी हेच गिऱ्हाईक. जालन्याला घरे तापवायची गरज नाही, परमेश्वराने ती सोय भरपूर केली आहे. पण जालना ही बियाण्यांचीही पेठ आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच महिको सुरू केली, त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्यांच्या पाठोपाठ इथे बियाणे प्रक्रियेचा मोठा व्यवसाय उभा राहिला. बियाणे वाळवायला चाळीस अंशांच्या आसपासची हवा लागते, जास्त तापवले तर उगवणशक्ती मरते. भट्टीचे ५० अंशांचे पाणी आणि बियाण्याची ४० अंशांची हवा यांचे जमण्यासारखे आहे. तापभट्टीच्या धुरावर तर शोषण पद्धतीचे शीतयंत्र चालते, ज्याला उष्णता दिली की गारवा मिळतो. पुण्याची थर्मॅक्स अशी यंत्रे बनवते. बियाण्याच्या शीतगृहाला नेमका गारवाच हवा. धुरावर तापवलेली हवा रेशीमकोष वाळवायलाही चालेल, आणि कोषांची बाजारपेठ जालन्यात २०१८ पासून आहे.

यात अडते ते अंतर आणि भरवसा. वीज तारेने शेकडो किलोमीटर जाते, कोमट पाणी दोन किलोमीटर नेले तरी नळाचा खर्च उष्णतेच्या किमतीवर चढतो. बियाणे वाळवण्याचा हंगाम ठरावीक, भट्टी बाजारभावावर चालणार किंवा बंद राहणार. शेजारी कारखाने एकमेकांवर विसंबायला तयार नसतात आणि एमआयडीसीत भूखंड वाटताना कोणाची उष्णता कोणाच्या कामाची हे कोणी पाहत नाही. साखर कारखान्यात हे सगळे जमले, कारण वाफ करणारा आणि वाफ वापरणारा एकच होता, एका छपराखाली, एका हंगामात. भट्टी आणि मिल एकत्र असलेल्या कारखान्यात बिलेटचे जमले तेही त्यामुळेच. औद्योगिक वसाहतीच्या नव्या टप्प्यातले भूखंड देताना तापभट्टीशेजारी वाळवण यंत्र आणि शीतगृह यांना जागा राखली तर निम्मे काम नकाशावरच होईल.

आणखी एक गोष्ट, थोडी कडू. २०१६ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना वीजदरात सवलत मिळाली. छत्तीसगडच्या स्वस्त विजेशी झुंजणाऱ्या जालन्याच्या भट्ट्यांना तिची गरज होती, हे मान्य. पण सवलतीच्या दराने मिळालेले युनिट वाचवावेसे कमी वाटते. सवलतीबरोबर दर टनाला किती युनिट लागले ते मोजून कळवण्याची आणि दरवर्षी थोडे उतरवण्याची अट घातली असती तर तोच पैसा दोनदा कामी आला असता.

हे मोजण्याची सोय आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, त्याखाली प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक तयार झाले आहेत, आणि १९८५ मध्ये स्थापन झालेली, पुण्यातून काम करणारी महाऊर्जा ही राज्याची संस्था याच कामासाठी आहे. जालन्याच्या कारखानदारांना एवढेच सांगणे आहे की टर्बाइनची दरपत्रके मागवण्याआधी तीन तापमाने रोज लिहून ठेवा: धुराड्यातल्या धुराचे, भट्टी गार करून परतणाऱ्या पाण्याचे, आणि मिलच्या तोंडाशी पोहोचणाऱ्या बिलेटचे. वीजबिल ज्या बैठकीत वाचले जाते त्याच बैठकीत हे आकडे वाचा. पैसा पहिल्यांदा कुठे लावायचा ते त्यांवरून ठरवा, आणि सुरुवात बिलेटपासून करा.